महिपतीचं तापलेलं यंजिन

कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात महिपतीची मोट सुरू झाली की लोक अंथरुणं गुंडाळायला लागत. आधी चाकाची करकर यायची, मग थारोळ्यात पाणी कोसळल्याचा आवाज, आणि त्या दोन्हींच्या वर महिपतीचा गळा. बैलांना मागं सारताना तो गायचा, पुढं हाकताना गायचा. गाण्यात देव असायचे, बैलांची नावं असायची, अधूनमधून कुणाच्या सुनेची थट्टाही असायची. त्याच्या बापाचा गळा असाच होता, आणि आज्याचा तर याहून मोठा होता, असं म्हातारी माणसं सांगत.

अशा माणसानं मोट मोडली, तेव्हा गावाला ते खरं वाटेना.

स्वराज्य मिळून पाचसहा वर्षं झाली होती. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या कुठल्याशा तळावरून निघालेला एक जुना ट्रॅक्टर या हातातून त्या हातात फिरत महिपतीच्या दारात आला. अंगावरचा रंग उडालेला, मागची चाकं लोखंडी, बसायची जागा म्हणजे भोकं पाडलेला पत्रा. ह्यांडल मारून पेट्रोलवर सुरू करायचा आणि जरा तापला की रॉकेलवर घ्यायचा. पुढच्या बाजूला पाणी गार करायची जाळी होती, मधाच्या पोळ्यासारखी, आणि तिच्या डोक्यावर पाणी ओतायचं झाकण. गावात त्याला ट्रॅक्टर कुणी म्हणत नसे; सगळे यंजिन म्हणत. महिपतीला त्याच्यानं नांगरायचं नव्हतंच. त्याला विहिरीचं पाणी काढायचं होतं. यंजिनाच्या बगलेला एक चाक होतं. त्यावर पट्टा चढवला की पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पंप फिरायचा, आणि बैलांनी दिवसभर घाम गाळून जेवढं पाणी काढावं तेवढं न्याहारीच्या आत वर यायचं.

पण पंपाला फार खोलवरचं पाणी ओढता येत नाही. तो खाली, पाण्याच्या जवळ बसवावा लागतो. त्यासाठी महिपतीनं मोट ओढताना बैल ज्यावरून मागंपुढं होत ती उतरती धाव खणली, थारोळं फोडलं, आणि तिथं जो उतरता चर झाला त्यात यंजिन उभं केलं. बैल बारामतीच्या बाजारात गेले. मोटेचं कातडं गोठ्याच्या आढ्याला टांगलं, ते वाळून खडखडीत झालं. आणि हे सगळं त्यानं प्रयागबाईला न विचारता केलं.

प्रयागबाई त्याची बायको. विचारायला हवं होतं, कारण त्या विहिरीवर जी बाग होती ती तिची होती.

तिची म्हणजे तिच्या हातची. खालच्या अंगाची जमीन पाटाच्या पाण्यानं खारवटली, तिथं उसाचं टिपरू धड वाढेना, तेव्हा विहिरीच्या वरच्या अंगाला मोसंबी लावायचं तिनं काढलं. कलमं आली आणि त्याच साली महिपती कारखान्याच्या बांधकामावर गाडी घेऊन कामाला गेला. बैल त्याच्याबरोबर गेले. मग दोन उन्हाळे प्रयागबाईनं डोक्यावरून घागरी वाहिल्या आणि एकेका कलमाच्या आळ्यात ओतल्या. कुठल्या झाडाच्या बुडाला वाळवी लागते, कुठलं झाड वाऱ्याला कलतं, कुठल्याला पानं आधी आणि फूल मागून येतं, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. लहान पोराची खोड सांगावी तसं ती झाडाचं सांगायची.

त्या वर्षी बाग पहिल्यांदा भरून लागली. वैशाखात फांद्या लिंबाएवढ्या हिरव्या फळांनी वाकल्या होत्या. आणि त्याच वैशाखात पाटाची पाळी चुकली. वर कुठंतरी भराव खचला म्हणे. पाणी कधी सुटेल ते पाटकऱ्यालाही सांगता येईना.

महिपती म्हणाला, "सुटू दे कवाबी. आपल्याला काय त्याचं? हीर हाय, यंजिन हाय."

विहिरीत पाणी होतं, हे खरं. दुपारी वाकून पाहिलं की खाली आभाळाचा निळा तुकडा दिसायचा. पण तो वर यायचा नाही. यंजिन सुरू व्हायचं, पंप भरभरून पाणी टाकायचा, पाणी दांडानं धावत जाऊन पहिली दोन आळी भिजवायचं, आणि तेवढ्यात झाकणाच्या कडेनं वाफ सुटायची. मग आत डाळ उकळल्यासारखा गदगद आवाज. यंजिनाचा सूर घोगरा व्हायचा. महिपती धावत जाऊन ते बंद करायचा. मग लोखंड गार होईपर्यंत चराच्या काठावर बसून राहायचं, पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा ह्यांडल. दिवसाकाठी मूठभर झाडं भिजत आणि बाकीची बाग उन्हात उभी राही.

शेजारच्या रानातला बिरदेव रोज बांधावर येऊन बसायचा. म्हातारा माणूस, खांद्यावर घोंगडं, जिभेवर कायम कुसळ.

"काय महिपतराव," तो म्हणाला, "हुलगं शिजाय घातलंत काय यंजिनात?"

"आबा, थट्टंची येळ न्हाय ही."

"थट्टा न्हाय बाबा. बैल तापला तर सावलीला बांधावा, त्ये कळतंय मला. यंजिन तापल्यावर कुठं बांधायचं, त्ये इचारतो."

महिपतीनं जाळीकडं तोंड वळवलं. बिरदेवच पुढं म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खाली आला, "माज्या हिरीत घागर बुडत न्हाय रं. न्हायतर चार मोटा तुला दिल्या असत्या. माजी जोडी तुज्या हिरीवर आणली असती. पर तुजी धाव तरी कुठं हाय आता?"

ते खरं होतं. धाव नव्हती. ज्या मातीवरून बैलांच्या कैक पिढ्या मागंपुढं झाल्या, ती माती बाजूला ढिगानं पडली होती आणि तिच्यावर करडू चढलं होतं.

महिपती हातावर हात ठेवून बसणारा माणूस नव्हता. त्यानं विचार केला, चरात वारा कोंडतो म्हणून यंजिन तापत असेल. ऊन लागू नये म्हणून वर पाचटाचं छप्पर घातलेलं होतं, ते त्यानं ओढून काढलं. यंजिन तापलंच. मग त्याला जाळीत पाचटाचा भुगा आणि धूळ अडकलेली दिसली. शिंदीच्या केरसुणीची एकेक काडी घेऊन त्यानं जाळीची घरं साफ केली, आतून कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं, तेव्हा त्याला वाटलं, सापडला चोर! यंजिन तापलंच. पंख्याचा पट्टा ढिला होता, तो ओढून बसवला. पंखा असा फिरायला लागला की जवळ उभं राहिलं तर पटका उडावा. तरीही दोन आळी झाली की वाफ.

एकदा तर बिरदेव कळवळून उठला, भरलेली बादली उचलली आणि तापल्या यंजिनावर ओतायला निघाला. महिपतीनं त्याचा हात वरच्या वर धरला.

"आबा! तापल्या तव्यावर गार पाणी वतल्यावर काय व्हतं?"

"तडकतो."

"मग? हे बी बिडाचंच हाय."

म्हाताऱ्यानं बादली आवरली. एवढं पाणी फुकट कशाला दवडायचं म्हणून त्यानं ते जवळच्या झाडाला घातलं.

 प्रयागबाई दुपारी यायची, भाकरी ठेवायची आणि बागेत जायची. मोसंबीला पाणी कमी पडलं की पानं होडीसारखी दुमडतात. संध्याकाळी गारव्याला ती पुन्हा उघडली तर समजावं, झाडात अजून जीव आहे. आधी फक्त वरच्या ओळी दुमडल्या, संध्याकाळी उघडल्या. मग मधल्या दुमडल्या. मग एक संध्याकाळ अशी आली की वरच्या ओळी उघडल्याच नाहीत. बागेत शांतता होती, आणि त्या शांततेत एखादं फळ टप्‌दिशी पडायचं. तो आवाज महिपतीला चरात बसल्या जागी ऐकू यायचा. त्याला वाटायचं, कुणीतरी आपल्या पाठीवर खडा मारतंय.

शेवटी तो पहाटेची चांदणी उगवल्यावर निघाला आणि पायी बारामती गाठली. मोटार-स्टँडमागं मानसिंग मिस्त्रीचं छप्पर होतं. आजूबाजूच्या तालुक्यात कुठलंही यंजिन रुसलं की माणसं मानसिंगाकडं धाव घेत. तो एका मालमोटारीखाली उताणा पडला होता. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. भोवती चार ड्रायव्हर बिड्या ओढत बसले होते.

महिपतीनं त्या पायांनाच रामराम घातला आणि सगळं सांगितलं.

"मला यायला न्हाय जमायचं," मोटारीखालून आवाज आला. "ह्ये बघ, चार गाड्या पोट फाडून पडल्यात. पर तू सांगतो त्ये ऐकून सांगतो. वरची नळी हाताला कशी लागती?"

"कढत. हात ठरत न्हाय."

"आन खालची?"

"खालची कशाला बघतोय मी, मिस्त्री? वाफ वरनं येती."

मिस्त्री बाहेर सरकला, उठून बसला, आणि काळ्या बोटानं जमिनीवर रेघ ओढली. "तुज्या ह्या जुन्या यंजिनात पाणी ढकलाय पंप नसतो. तापलेलं पाणी आपसूक वर चढतं, वरच्या नळीनं जाळीत येतं, गार व्हतं, जड हून खाली बसतं, आन खालच्या नळीनं माघारी यंजिनात जातं. राहाटगाडगं म्हण. पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली उतरलं, की राहाट थांबला. वाटंत काय अडकलं, तरी थांबला. घरी जा, जाळीवर तळवा फिरव. वर कढत नि खाली गार लागली, तर जाळी आतनं बुजली म्हणून समज." तो थांबला. "आत काय घातलं व्हतंस का? गळतीबिळतीला?"

महिपतीच्या तोंडाशी शब्द आला. पण बिड्या ओढणारी चारी तोंडं त्याच्याकडं वळली होती. कोऱ्हाळ्याचा मोटकरी, यंजिन घेतलेला माणूस. त्याला वाटलं, सांगितलं तर हे हसू बारामतीपासून इंदापुरापर्यंत पोचेल, आणि प्रत्येक मोटार-स्टँडवर उतरून चहा पिईल.

"न्हाय," तो म्हणाला. "काय न्हाय घातलं."

"गळत न्हाय?"

"गळत व्हती जराशी. आपसूक थांबली."

"आपसूक?" मिस्त्रीनं भुवई उचलली, पण त्याला वेळ नव्हता. "मग खाऱ्या पाण्याचा थर बसला असंल. धुण्याचा सोडा घाल, चांगली उकळी येऊ दे, आन वतून टाक. दोनतीन डाव कर. आन तापल्यावर झाकण उघडू नगंस, तोंड भाजंल."

महिपती पुडीत सोडा बांधून उन्हातून परत आला. दुसऱ्या दिवशी त्यानं सोड्याचं पाणी भरलं, यंजिन उकळलं, गार केलं, खालचा नळ उघडला. धड पाणीच बाहेर येईना. पिवळट, लिबलिबीत काहीतरी थेंबाथेंबानं गळायला लागलं. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी यंजिन सुरू केलं, तर पहिलं आळंसुद्धा भिजलं नाही. झाकणातून वाफेबरोबर फेस आला, आणि त्या फेसाला घाण वास होता.

त्यानं यंजिन बंद केलं आणि जाळीवर तळवा ठेवला. बैलाचा ताप बघताना कानामागं ठेवायचा तसा, हलक्या हातानं. वरच्या कडेला हात भाजला. चार बोटं खाली आला तर कोमट. आणखी खाली आला तर गार. खालची कड तर अशी लागली, जशी विहिरीच्या कपारीतली शेवाळ. पाणी वर शिजत होतं आणि खाली निजलं होतं. राहाट थांबला होता. कसा थांबला, हे त्याला आतून माहीत होतं. बारामतीच्या वाटेवरच ते माहीत होतं. तो चरात खाली बसला आणि लोखंडी चाकाला डोकं टेकून डोळे मिटले. बागेतून टप्‌ असा आवाज आला. मग दुसरा.

प्रयागबाई चराच्या काठावर येऊन उभी राहिली. तिनं नाक आक्रसलं.

"ह्यो कसला वास?"

"सोड्याचा."

"सोड्याला असला वास असतो व्हय? इतकी वरसं पापड लाटते मी. ह्यो आंबलेल्या पिठाचा वास हाय."

मग दोघांनाही एकच दिवस आठवला.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. जाळी एका कोपऱ्यात गळायला लागली होती. त्यांच्याकडं घरोघरी तांब्याची घागर झिरपली की कल्हईवाला येईपर्यंत बायका उडदाच्या पिठात चुना कालवून आतून लिंपतात. घागर महिना-दोन महिने सहज धकते. महिपतीनं म्हटलं, घागर काय आणि यंजिन काय, पाणी धरणारी भांडीच. प्रयागबाईनं पीठ कालवून दिलं. आत हात जाईना म्हणून त्यानं ते पातळ करून झाकणातून ओतलं आणि यंजिन फिरवलं. गळती घटकेत थांबली. त्या दिवशी नवराबायको किती हसली होती! त्यानं तिला म्हटलं होतं, मिस्त्री व्हायचं सोडून तू माझ्या घरी कुठं आलीस. पुढं पाटाला पाणी आलं, यंजिनाची गरज उरली नाही, आणि पोटात ते पाणी घेऊन ते वैशाखापर्यंत उभं राहिलं.

"उडदाचं पीठ कढत पाण्यात शिजल्यावर काय व्हतं," प्रयागबाई म्हणाली, "ह्ये बाईमाणसाला इचारायचं व्हतं. मी बी बाईमाणूस असून माज्या ध्यानात न्हाय आलं. खळीवानी चिकट घुटं व्हतं. आपुन यंजिनाला घुटं करून पाजलं. वर तुमी सोडा घातला. सोड्यानं उडीद आणखी गळतो, फुगतो."

महिपती मान खाली घालून ऐकत होता.

"मिस्त्रीनं न्हाय इचारलं?"

"इचारलं."

"मग?"

"न्हाय म्हणालो."

"का?"

"चार माणसं बसली व्हती."

प्रयागबाईनं बागेकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. तिचा आवाज चढला नाही.

"चार माणसं व्हती. आन हितं झाडं किती हायती?"

 महिपती उठला आणि पान्हा शोधायला लागला.

पाणी ओतायच्या छोट्या झाकणाखाली जाळीच्या डोक्यावरचं बिडाचं मोठं झाकण बोल्टांनी आवळलेलं होतं, आणि बोल्ट गंजून जाम झाले होते. त्यांवर रॉकेल घालून ठेवलं, सकाळी पान्ह्याला दगडानं ठोकत एकेक उतरवला. एक तुटला. झाकण उचललं तेव्हा प्रयागबाईनं पदर नाकाला लावला. जाळीच्या नळ्यांची तोंडं मुंगीच्या बिळांसारखी बारीक असतात. ती एकूण एक बुजली होती. वर जाड साय धरली होती, चिवट, पिवळी, खाली तीच वाळून शिंगासारखी झाली होती.

सायकलीच्या चाकाच्या तारा त्यानं ऐरणीवर ठोकून चपट्या केल्या. मग एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला ती, मधे यंजिनावरून उतरवलेली जाळी, अशी दोघं बाभळीच्या सावलीला बसली. तार घालायची, हलक्या हातानं फिरवायची, खालून कढत पाणी घालून मळ वर काढायचा. घाई केली की तार आडवी जायची आणि नळीलाच भोक पडायचं. महिपतीचे हात मोटेच्या नाड्यानं घडलेले, जाड, त्यांना ही कला नव्हती. दोन नळ्या त्यानं भोसकल्या. प्रयागबाई सुईत दोरा ओवावा तशी तार ओवत होती.  ऊन चढत होतं आणि मधूनच बागेतून फळ पडत होतं. पडलं की दोघांचे हात एकदम थांबायचे आणि पुन्हा चालू व्हायचे.

झाकणाखाली बसवायला चकती लागते. ती त्यांनी कासाराच्या बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, जवसाच्या तेलात भिजवून केली. सगळं परत आवळलं. पाणी भरलं. महिपतीनं ह्यांडल मारला.

दोन आळी झाली. चार झाली. त्यानं जाळीवर तळवा फिरवला. वर कढत. मधे कढत. खाली वाकून खालची नळी धरली, तर तीही ऊन लागली. राहाट फिरत होता! त्याच्या छातीतून काहीतरी वर आलं, आणि ते गाणं होतं की हुंदका हे कळायच्या आत त्याला पायाशी चिखल दिसला. जुन्या जागी जाळी पुन्हा गळत होती. आणि जिथं तार आडवी गेली होती, त्या दोन्ही जागी पाणी धारेनं सुटलं होतं.

"वरनं भरत ऱ्हायचं," तो ओरडला. "पाणी वरच्या नळीखाली गेलं न्हाय पायजे! पर गार घालू नगंस, बीड तडकंल!"

प्रयागबाईनं विहिरीच्या काठाला तीन दगड मांडले, वाळक्या फांद्या पेटवल्या आणि हंडा चढवला. बाग तहानेनं मरत होती, आणि तिच्या काठावर बसून ती माउली यंजिनासाठी पाणी तापवत होती. तांब्या तांब्या करून ती ते ओतायची. गळती वाढत होती. साबणाची वडी, चिंधी, लाकडाची पाचर, सगळं करून झालं. एकीकडं दाबावं तर दुसरीकडं सुटायचं.

दुपारी ती उठून बागेत गेली. पाणी कुठपर्यंत गेलं आहे आणि कुठं नाही, ते पाहून परत आली.

"किती चालंल ह्ये?"

महिपती यंजिनाच्या आवाजाकडं कान देऊन उभा होता. "आज दिसभर चालंल. उंद्याचं सांगता याचं न्हाय. नळ्या फाटत चालल्यात. निम्मी बाग पोटभर भिजंल. वरची निम्मी..." 

"वरच्या ओळी मी आधी लावल्यात," ती म्हणाली.

"ठावं हाय."

 मग तिनं पदर खोचला. "मग फळ उतरवा."

"काय?"

"समद्या बागंचं. आन समद्या झाडांला अर्धं अर्धं पाणी द्या."

"अगं, हिरवी हायती ती! कोण खाणार?"

"मला काय दिसत न्हाय का हिरवी हायती ती? अवं, बाईला उपास घडला तर आधी तिचं दूध आटतं. झाडाला तेवढी बी अक्कल नसती. त्ये फळाला पाजत पाजत सोता मरतं. फळ काढलं तर अर्ध्या पाण्यावर जगंल."

महिपती तिच्याकडं बघत राहिला. पहिला बहार होता. या फळांची गोष्ट ती फुलं गळल्यापासून करत आली होती.

तिनं वाट पाहिली नाही. ती सगळ्यात वरच्या ओळीत गेली, पहिल्या झाडाला हात घातला आणि फळं ओरबाडून खाली टाकायला लागली. फांदी वर उसळायची. पुन्हा वाकवायची. महिपतीला पट्ट्याच्या, पंपाच्या आवाजातूनही ते ऐकू येत होतं. थोड्या वेळानं तोही गेला. पण दोन झाडं केली की यंजिनाकडं धावावं लागायचं.

बिरदेव बांधावर आला. त्यानं बागेकडं पाहिलं. घोंगडं एका फांदीवर टाकून तो चरात उतरला.

"यंजिनापाशी मी बसतो," तो म्हणाला. "बैलाला पाणी पाजून जन्म गेला. ह्येला पाजाय काय अवघड हाय? फकस्त सांग, किती प्यालं म्हंजे पुरं."

"वरच्या नळीच्या वर चार बोटं, आबा. खाली जाऊ देऊ नगा. आन ऊन पाणी."

"ऊन पाणी. नवरदेवच हाय बेटा." म्हातारा हंड्याजवळ बसला, आणि पहिला तांब्या ओतताना त्यानं यंजिनाच्या पत्र्यावर, बैलाच्या वशिंडावर मारावी तशी, हलकेच थाप मारली.

नवराबायको झाडं उतरवत गेली. हातांना काटे बोचले, बोटं हिरव्या तेलानं चिकट झाली, रानभर मोसंबीचा वास सुटला. एरवी तो वास किती गोड! त्या दिवशी दोघांनाही तो सहन होईना. झाडाखाली फळांचा सडा आणि त्यातून पाण्याची बारीक धार वाट काढत आळ्यात शिरायची. प्रत्येक आळं अर्धं भरलं की महिपती खोऱ्यानं दांड फोडून पाणी पुढच्याला द्यायचा. भरलेल्या आळ्यापेक्षा अर्धं आळं बंद करायला जीव जास्त लागतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. माती तोंड उघडून असते.

दिवस मावळायला कासराभर राहिला असताना पाणी शेवटच्या ओळीला लागलं, आणि शेवटची चार झाडं बाकी असताना यंजिनातून खडखड ऐकू आली. बिरदेवानं ओरडायच्या आत महिपतीनं धावत येऊन ते बंद केलं. जाळीच्या खालून पाणी धो धो वाहून गेलं. त्या चार झाडांना प्रयागबाईनं डोक्यावरून घागरी नेल्या.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. तांबडं फुटताना महिपतीनं जाळी उतरवली. बिरदेवानं न सांगता बैलगाडी जुंपली होती. अर्ध्या पाण्यावर झाडं आठवडाभर धरतील, फार तर. पाटाचं पाणी त्याआधी आलं तर ठीक. नाही आलं, तर यंजिन हवं. आणि नळ्यांना कथलाचा डाग देऊन यंजिन उभं करील असा माणूस एकच होता.

मानसिंगाच्या छपराखाली त्या दिवशी चारपेक्षा जास्त माणसं होती. मालमोटारीचं काम उरकलं होतं, सगळी चहाला बसली होती. महिपतीनं जाळी गाडीतून उतरवून मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवली.

"मिस्त्री, तुमी इचारलं व्हतं. मी खोटं बोललो. ह्येच्यात मी उडदाचं पीठ वतलं व्हतं."

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग एक ड्रायव्हर हसला, त्याच्यामागून दुसरा, आणि मग सगळं छप्पर हसायला लागलं. "पापड लाटलं का न्हाय मग?" कुणीतरी विचारलं. "वर लोणकढं तूप घालायचं व्हतं!" मिस्त्रीलाही हसू आवरेना, त्याच्या कपातला चहा हिंदकळला.

महिपती उभा राहिला. पटका नीट केला नाही, मान खाली घातली नाही. गाडीत बसलेला बिरदेव दुसरीकडं बघत होता.

"हसा," महिपती म्हणाला. "हसण्यासारखंच हाय. पर मिस्त्री, हसता हसता हात बी चालू द्या. माजी बाग अर्ध्या पाण्यावर उभी हाय."

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. जाळी उचलून उजेडाकडं धरली, फाटक्या नळ्यांतून आरपार पाहिलं, आणि हाताखालच्या पोराला न सांगता स्वतःच भात्याकडं गेला. निखारे फुलायला लागले. "बस," तो पाठमोराच म्हणाला. "येळ लागंल. धरंलच असं काय सांगत न्हाय."

महिपती बसला नाही. भात्याची दोरी त्यानं मिस्त्रीच्या हातातून आपल्या हातात घेतली आणि ओढायला लागला.